वृद्धाश्रमातला जंतुसंसर्ग : ताप यायची वाट बघू नका

गंभीर जंतुसंसर्ग झाला की अंग फणफणतं, हुडहुडी भरते, असं आपण धरून चालतो. सत्तरीच्या पुढच्या माणसात तसं घडेलच याचा नेम नाही. त्यात मधुमेह असेल, वजन उतरलेलं असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नाहीच. न्यूमोनिया असतो आणि खोकला नसतो. लघवीतला संसर्ग रक्तात उतरलेला असतो आणि थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवतो. वरवर दिसतं ते एवढंच की आजी जेवल्या नाहीत, आजोबा संडासाच्या वाटेवर पडले, रात्रभर कुणाला तरी हाका मारत होते, नाहीतर एकदम गप्प झाले. मग कुणीतरी म्हणतं, "वय झालं आता." असं म्हणण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलंय.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात आजारपणाची बाजू सांभाळते. आमच्याकडे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात. बाकीच्या वेळी बघणारे डोळे आमच्या मावशींचे आणि मामांचे. हे लिहितेय ते त्यांच्यासारख्यांसाठी, आश्रम चालवणाऱ्यांसाठी, आणि घरी म्हातारं माणूस असलेल्या कुणासाठीही.

आधी वही करा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. प्रत्येकाच्या नावाचं एक पान, आणि त्यावर तो माणूस बरा असतानाचे आकडे. तापमान, नाडी, श्वास मिनिटाला किती, बीपी, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा, वजन. त्याखाली साध्या बोलीत त्याची रीत लिहा : किती भाकरी खातो, स्वतःहून चालतो की धरून, माणसं ओळखतो का, रात्री कितीदा उठतो, लघवी कळते का. महिन्यातून एकदा पान ताजं करा.

या पानाचा उपयोग कसा होतो ते सांगते. आमच्याकडे एक गुरुजी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झालेली. चहा झाला की पेपर हातात, आणि पहिल्या पानावरची बातमी शेजारच्या खाटेवरच्या अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवायची, हा त्यांचा नेम. एका सकाळी मावशी माझ्याकडे आल्या. "सिस्टर, गुरुजी आज गपगप हायेत. पेपर बी उघडला नाही. रातच्याला झोप लागली नसंल." मी गेले तर गुरुजी बसलेले होते, विचारलं तर "बरं आहे" म्हणाले. पेपर घडी न मोडता मांडीवर. तापमान ९८.८. कुणीही म्हणेल ताप नाही. पण वहीत गुरुजींचं नेहमीचं तापमान होतं ९६.६. म्हणजे दोन अंशांच्या वर चढलं होतं. मग सदऱ्यावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले : २८. ऑक्सिजन ८९. खोकला नव्हता, छातीत दुखत नव्हतं. एकशे आठला फोन केला, लातूरला नेलं, एक्स-रेत उजव्या बाजूचा न्यूमोनिया निघाला. वेळेत औषध सुरू झालं आणि गुरुजी परत आले. यात खरी कामाला आली ती मावशींची नजर. पेपर उघडला नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते येऊन सांगितलं. म्हणून आमच्याकडे मावशींनी काहीही येऊन सांगितलं तरी "त्यात काय एवढं" असं कुणी म्हणायचं नाही, हा नियम आहे.

आकडे कोणते बघायचे

वृद्धाश्रमातल्या माणसासाठी तापाची मोजपट्टी वेगळी आहे. तोंडातलं तापमान एकदा जरी १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर राहिलं, किंवा त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ अंशांनी चढलं, तर तो ताप समजायचा. काखेत लावत असाल तर दर वेळी काखेतच लावा, आकडा थोडा कमीच येतो हे ध्यानात ठेवा. चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं तोंडात लावू नका. आणि तापमान ९५ च्या खाली गेलं असेल तर हायसं वाटून घेऊ नका. गंभीर संसर्गात अंग गारही पडतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा श्वासांवर आहे. याला यंत्र लागत नाही, फक्त घड्याळ लागतं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा, आणि "श्वास मोजतेय" असं सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं करा आणि छातीकडे बघा. मिनिटाला २२ किंवा जास्त झाला की सावध व्हा. २५ किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या.

नाडीवर मात्र एकटीवर विसंबू नका. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी गोळी) चालू असेल तर संसर्गातही नाडी फारशी धावत नाही. बीपीचा वरचा आकडा १०० किंवा खाली असेल तर धोका आहेच. पण ज्याचं नेहमीचं १५० असतं त्याचं ११० आलं तर तेही पडलेलंच आहे. "एकशे दहा, अगदी नॉर्मल," म्हणून वही मिटू नका. ऑक्सिमीटर गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर चुकतो. बोट चोळून गरम करा, पुन्हा लावा. मधुमेह असेल तर साखर लगेच तपासा. संसर्गात ती भलतीच चढते, आणि जेवण न करता गोळी घेतलेल्या माणसाची भलतीच उतरते; सुस्तीचं कारण तेही असू शकतं.

आणखी एक : मोजायच्या आधी पॅरासिटॅमॉल देऊ नका. आधी मोजा, लिहा, मग गोळी. नाहीतर डॉक्टर येईपर्यंत ताप उतरलेला आणि संसर्ग तसाच आत.

कधी थांबायचं नाही

संसर्गाला तोंड देताना शरीराचा तोल बिघडतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू असे अवयव कोलमडायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. माणूस नव्यानं गुंगीत आहे किंवा बरळतोय, श्वास २२ किंवा जास्त, बीपी १०० किंवा कमी : या तिन्हींपैकी दोन दिसली की दवाखाना. हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटलेली, ओठ काळपट, लघवी अगदी कमी, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या खुणेची वाट बघू नका. लघवीचा अंदाज असा : लघवीची नळी घातलेल्या पन्नास किलोच्या माणसाच्या पिशवीत आठ तासांत २०० मिलीपेक्षा कमी जमली असेल तर कळवायचंच.

सेप्सिसमध्ये बीपी कोसळलं तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं असं डॉक्टर मानतात. आता आपल्याकडची अंतरं बघा. औसा, निलंगा, रेणापूरकडच्या खेड्यातून लातूर गाठायचं, नाहीतर केज-धारूरकडून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. रस्त्यातच वेळ जातो. म्हणून इथला निर्णय लवकर व्हायला हवा. मुलगा पुण्याला आहे, फोन उचलत नाही, म्हणून गाडी थांबवून ठेवू नका. आधी १०८, मग मुलगा. नातेवाइकांकडून आश्रमात भरती होतानाच तसं लिहून घेतलं की पुढे वाद होत नाही. ज्यांना दवाखान्याची धावपळ नकोच आहे अशा अतिवृद्ध माणसांशी, आणि त्यांच्या घरच्यांशी, हे बोलणं माणूस बरा असताना करा. रात्री दोन वाजता खाटेपाशी उभं राहून ते होत नाही.

डॉक्टरांना फोन करताना "आजीला बरं नाही" असं सांगू नका. असं सांगा : "वय ८१, मधुमेह आहे, नेहमी चालतात-बोलतात. काल रात्रीपासून सुस्त, दोनदा उलटी. तापमान ९९.४, नेहमीचं ९७. श्वास २६, बीपी ९६ वर ६०, साखर ३१०. काल दुपारपासून लघवी थोडीच. लघवीची नळी नाही. सल्फाची ॲलर्जी आहे." एवढं ऐकल्यावर डॉक्टरांना पुढचं ठरवायला वेळ लागत नाही. हेच कागदावर लिहून गाडीत द्या. सोबत चालू गोळ्यांची यादी, शेवटचा डोस किती वाजता दिला ते, आणि जुने कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते सांगणारे).

लघवीचा घोळ

इथं थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त चुकीची औषधं इथंच दिली जातात.

आश्रमात राहणाऱ्या बायकांपैकी २५ ते ५० टक्के, आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. कायमची नळी असेल तर जवळपास सगळ्यांच्याच. हे जंतू तिथं नुसते राहतात. ते आजार करत नाहीत आणि त्यांना अँटिबायोटिक द्यायचं नसतं. दिलं तर साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. पुढे खरा संसर्ग होतो तेव्हा तेच गाठतात.

म्हणून लघवीला वास येतोय, गढूळ आहे, एवढ्यावरून तपासणी पाठवू नका. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि म्हातारी माणसं रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडतात. मग लघवी पिवळीधमक होणारच. आधी पाणी पाजा, ताक द्या, ज्वारीच्या पिठाची आंबील द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

लघवीतला संसर्ग समजायचा तो लघवी करताना नव्यानं जळजळ असेल तर. किंवा तापासोबत वारंवार जावं लागणं, ओटीपोटात दुखणं, लघवीतून रक्त, कमरेच्या वर कुशीत दुखणं, नव्यानं कपड्यात होणं, यातलं काही असेल तर. आणि नुसतं बरळणं? तब्येतीचे आकडे ठीक असतील, ताप नसेल, लघवीची तक्रार नसेल, तर आधी बाकीचं बघा : चार दिवस शौचाला झालेलं नाही का, नवीन झोपेची गोळी लागलीय का, साखर, पाणी, रक्तातलं सोडियम, कुठे मार लागलाय का. लघवीत जंतू सापडले म्हणून बरळण्याचं कारण सापडलं असं होत नाही, आणि खरं कारण तसंच राहून जातं.

नमुना घ्यायचा तर जागा धुऊन, मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत. पिशवीतली लघवी कधीच पाठवू नका. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्या. दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. आणि नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. मात्र माणूस गंभीर असेल तर डबीसाठी औषध अडवू नका.

नळीबद्दल माझं मत ठाम आहे. कपडे ओले होतात, मनुष्यबळ कमी आहे, ही नळी घालायची कारणं होऊ शकत नाहीत. नळी आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक जंतू शिरण्याचा धोका ३ ते ७ टक्के असतो. रोज सकाळी विचारा, ही अजून कशाला हवी? लघवी अडते, ढुंगणाच्या जखमेत लघवी जाते, अशी कारणं असतील तर ठेवा. ठेवली तर पिशवी कायम पोटाच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवा, नळीचा जोड उगाच उघडू नका, आणि पिशवी रिकामी करायचा मग प्रत्येकाचा वेगळा ठेवा. एकच मग सगळ्यांना फिरवला की एकाचे जंतू सगळ्यांना. नळी आहे म्हणून रोज अँटिबायोटिक गोळी देण्यानं फायदा होत नाही.

घास आणि तोंड

न्यूमोनिया पुष्कळदा घशातून खाली उतरतो. लकवा होऊन गेलेल्या, कंपवाताच्या, विसरभोळेपणाच्या माणसाचा घास चुकीच्या नळीत जातो. सोबत जातात तोंडातले जंतू. आमच्याकडच्या कितीतरी आज्या वर्षानुवर्षं मिश्री लावत आल्या, दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या. म्हणून दोन वेळा मऊ ब्रश, दात नसतील तर ओल्या कापडानं हिरड्या आणि जीभ पुसायची, कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची.

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान, पहिला घास गिळला हे बघून मगच दुसरा. भाकरी वरणात कुस्करून मऊ करा. पातळ पाण्यानं ठसका लागणाऱ्याला दाट आंबील किंवा पेज सोपी जाते. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका, आणि झोपताना खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या. पेंगत असलेल्या माणसाला कधीही भरवू नका. उपाशी राहील या काळजीनं आपण तोंडात घास कोंबतो, आणि तोच फुप्फुसात जातो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस डॉक्टरांच्या सल्ल्यानं सगळ्यांना घ्यायला लावा, काम करणाऱ्यांनीही फ्लूची घ्यावी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर टीबीसाठी बेडका तपासा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

कातडी

रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती बघायची. लाल डाग बोटानं दाबा. दाबल्यावर फिकट झाला नाही तर जखमेची सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं हात लावून बघा : आजूबाजूपेक्षा गरम, कडक, किंवा पिठासारखं मऊ लागतं का. दर दोन तासांनी कूस बदला, एअर बेड असला तरी बदला. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. लाल जागा चोळू नका, ट्यूबची रिंग देऊ नका. हळद, राख, टूथपेस्ट, बीटाडीनमध्ये बुडवलेला कापूस, असं घरगुती काहीही जखमेत भरू नका. जखमेला घाण वास, पू, भोवती पसरणारी गरमी, किंवा तळाशी हाड दिसलं तर दवाखाना.

पाय लाल होऊन सुजला तर लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा, बाजूला वेळ लिहा. दोन-तीन तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर डॉक्टरांना सांगायला पुरावा हातात असतो. लालीच्या मानानं दुखणं भलतंच जास्त, कातडी काळी पडतेय, फोड येतायत, असं असेल तर त्याच घटकेला गाडी बोलवा. मधुमेह्यांच्या बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. तिथल्या चिरेतूनच जंतू आत जातात.

पाणी नसतानाचे हात

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसांना "हात धुवा" सांगताना पाण्याचा हिशोब सांगावाच लागतो. पाणी कमी असलं तरी बादलीत हात बुडवायचे नाहीत. तोटीचं पिंप ठेवा, तोटी बारीक सोडा, साबण लावताना बंद करा. साबणानं चाळीस ते साठ सेकंद. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळला तरी चालतो, पाणी वाचतं. पण अँटिबायोटिकनंतर कुणाला जुलाब लागले असतील तिथं साबण-पाणीच हवं, कारण त्या जुलाबांच्या एका जंतूची बीजं सॅनिटायझरनं मरत नाहीत. अशा जुलाबांना दुकानातून थांबवायची गोळी आणू नका, डॉक्टरांना कळवा. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना ग्लोव्हज बदला, आणि काढल्यावर हात धुवा. टँकरचं पाणी प्यायला घेत असाल तर आधी क्लोरीन, मग वापर.

औषधाचं

पाकिटावर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय आणायचं नाही. मार्च २०१४ पासून कितीतरी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठी बघून नोंद ठेवूनच द्यायची. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्या आजोबांना देऊ नका. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. तो आणायला माणूस पाठवा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण त्यावरून औषध बदलतं किंवा कमी करता येतं. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस द्या, "अजून थोडं बरं" म्हणून वाढवू नका.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार या सरकारी योजनेतल्या दवाखान्यात मोफत होतात.

परत आल्यावर

दवाखान्यातून माणूस परत आला की त्याच दिवशी, कपडे बदलतानाच, पूर्ण अंग बघा आणि टाचा-माकडहाडाची अवस्था तारखेसह लिहा. वहीत नवे आकडे टाका. जुने आता लागू होतील असं नाही. गोळ्यांची जुनी यादी बाजूला काढा, नवी डॉक्टरांकडून समजून घ्या, विशेषतः अँटिबायोटिक कोणत्या तारखेला संपतं ते. बरळणं काही आठवडे राहू शकतं, घाबरू नका, पण वाढत असेल तर कळवा. जेवण अर्धं होईल, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, दूध, अंडं, डाळीचं पाणी न देता डाळच द्या. रोज दोनदा आठवडाभर श्वास आणि तापमान मोजा. आणि लघवीची नळी सोबत आली असेल तर डिस्चार्जच्या कागदावर ती का ठेवलीय आणि कधी काढायची हे लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर त्याच संध्याकाळी वॉर्डात फोन करून विचारा.